शनिवारचे कागद

डायलिसिसच्या खोलीत शिरलं की आधी वजनकाटा लागायचा. पेशंट कितीही दमून आलेला असो, चपला काढून काट्यावर उभं राहायचं आणि मागच्या वेळेपेक्षा वजन किती वाढलं ते सिस्टर फळ्यावर लिहायच्या. किडन्या बंद पडलेल्या माणसाचं पाणी अंगातच साठतं. त्यामुळे वाढलेलं वजन म्हणजे प्यायलेलं पाणी, आणि प्यायला परवानगी दिवसाला अर्धा-पाऊण लिटरची. उन्हाळ्यात सगळेच गुन्हेगार असत.

नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी नोकरी केली तिथे ही खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आठ मशीन, आठ पलंग, आणि खिडकीच्या बरोबर खाली एक मिसळीचं दुकान. सकाळी दहाच्या सुमाराला फोडणीचा वास वर यायचा. मिठाचा कणही मोजून खाणारी ती माणसं डोळे मिटून तो वास घेत पडायची. एकदा मी खिडकी लावायला गेलो तर तीन पलंगांवरून एकदम आवाज आला, "राहू द्या हो भाऊ. वासाला पथ्य नाही."

मी तिथे प्रत्यारोपण समन्वयक होतो. नाव मोठं, काम बरंचसं कागदांचं आणि बोलण्याचं. किडनी मिळावी म्हणून ज्यांना यादीत नाव लावायचं असेल त्यांचे तपासण्यांचे कागद जमवायचे, विभागाच्या केंद्राला पुण्याला पाठवायचे, आणि कुणा घरावर वेळ आली तर त्या घरच्यांशी अवयवदानाबद्दल बोलायचं. निवृत्त होऊन मला आता बारा वर्षं झाली. त्या खोलीची आठवण निघाली की आजही पहिल्यांदा हसूच येतं. पुढचं नंतर आठवतं, आणि ते मागच्या दिवाळीपर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मंगळवार-शुक्रवारच्या सकाळच्या पाळीत दोन पलंग खिडकीलगत होते. एका पलंगावर सटाण्याकडच्या एक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. पहाटेच्या गाडीने यजमानांबरोबर निघायच्या, चार तास मशीनवर पडायच्या, दुपारच्या गाडीने परत. दुसऱ्या दिवशी शाळा. शेजारच्या पलंगावर पंचवटीतले एक गुरुजी, रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धं, तर्पणं चालवणारे.

"आमची गंमत बघा," गुरुजी म्हणायचे, "दिवसभर गोदेत गुडघाभर पाण्यात उभा, आणि प्यायला अर्धा लिटर. यजमान नारळ देतात, तोही चालत नाही."

आहारतज्ज्ञ नव्या आल्या होत्या तेव्हा गुरुजींनी त्यांना अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "आचमनाचं पाणी हिशेबात धरायचं का? दिवसाला वीस-पंचवीस पळ्या तरी होतात."

त्या गोंधळल्या. शेजारून बाई म्हणाल्या, "धरा, गुरुजी. पुण्यकर्माला सूट नाही."

बाईंनी त्या पाळीची एक वहीच केली होती. वजन दीड किलोच्या आत वाढलं तर 'उत्तम', दोनपर्यंत 'बरे', त्याच्या वर 'पालकांना भेटायला सांगावे'. गुरुजींना आठवड्यातून एकदा तरी तो शेरा मिळायचा. मग गुरुजी म्हणायचे, "पालक रामकुंडावर भेटतील, बाई. मीच पोचवलेत त्यांना." सगळी खोली हसायची, आणि हसताना हाताची सुई हलली म्हणून सिस्टर ओरडायच्या.

बाईंच्या घरची डाळिंबाची बाग होती. डाळिंब त्यांना वर्ज्य, पण दर हंगामात यजमानांच्या हातून आम्हा सगळ्यांसाठी पिशवी यायची. बाई मला समोर बसवून एक फोडायला लावायच्या. "दाणे कसे आहेत ते सांगा. नुसतं गोड म्हणू नका, नीट वर्णन करा." मी पडलो विज्ञानाचा पदवीधर. लाल आहेत, रसाळ आहेत, एवढ्यावर माझं वर्णन संपायचं. बाई म्हणायच्या, "भाऊ, तुम्हाला शंभरातले पस्तीस."

आता यादीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

किडनी ओळखीने मिळत नाही. रक्तगटानुसार यादी असते. किती दिवस डायलिसिसवर आहे, वय काय, अशा गोष्टींचे गुण धरून यादीतली जागा ठरते. कुणी मेंदूमृत झाला तर चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसं लिहून द्यावं लागतं. अपघाताची केस असेल तर पोलिसांची परवानगी. मग घरच्यांची संमती. ती मिळाली की केंद्राकडून यादी निघते. ज्या रुग्णालयात दान झालं त्याच्याच यादीला एक किडनी मिळते, दुसरी विभागातल्या दुसऱ्या कुणाला जाते. यादीतल्या पहिल्याला बोलवायचं आणि एकाला राखीव म्हणून तयार ठेवायचं. पहिल्याचं रक्त दात्याच्या रक्ताशी जुळलं नाही तर राखीवची पाळी.

यादीतला माणूस मध्येच आजारी पडला, ताप आला, जंतुसंसर्ग झाला, तर त्याचं ऑपरेशन करता येत नाही. तेवढ्यापुरतं त्याचं नाव यादीत बंद ठेवायचं. आमच्या बोलण्यात आम्ही त्याला नाव झोपवणं म्हणायचो. माणूस बरा झाला की डॉक्टर तंदुरुस्तीची चिठ्ठी देतात, ती पाठवली की नाव पुन्हा उठतं. आता हे संगणकावर बसल्या जागी होतं म्हणे. तेव्हा कागद पाठवावा लागे.

आणि कागदांच्या बाबतीत मी फार नीटनेटका म्हणून प्रसिद्ध होतो. सुरुवातीला मी एकेक कागद मिळेल तसा पाठवायचो. पुण्याच्या केंद्रातल्या मॅडम एकदा फोनवर करवादल्या, "अहो, रोज एक चिठोरा पाठवता, आम्ही लावायचा कुठे?" तेव्हापासून मी शनिवार ठरवून टाकला. आठवड्याचे सगळे कागद हिरव्या फायलीत, शनिवारी दुपारी एका आवरणपत्राखाली रवाना. मॅडम खूश झाल्या. आमचे मोठे डॉक्टर नव्या लोकांना माझी फाईल दाखवायचे. मला त्या फायलीचा अभिमान होता.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाईंना न्यूमोनिया झाला. मी त्यांचं नाव झोपवलं. तीन आठवड्यांत त्या खडखडीत बऱ्या झाल्या. सोमवारी डॉक्टरांनी चिठ्ठीवर सही केली आणि ती माझ्या टेबलावर आली. मी ती हिरव्या फायलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बाई मशीनवर आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलंसुद्धा, "बाई, चिठ्ठी झाली. आता तुम्ही पुन्हा यादीत."

"म्हणजे हजेरीपटावर आले परत," त्या म्हणाल्या.

त्याच गुरुवारी आमच्या अतिदक्षता विभागात दान झालं. सायखेड्याकडचा शेतकरी, मोटरसायकल घसरून डोक्याला मार लागलेला. दुसरी तपासणी सकाळी पार पडली. मी घरच्यांशी बोललो. असं बोलताना मी नेहमी त्यांच्यापेक्षा खालच्या स्टुलावर बसायचो आणि आधी त्यांनाच बोलू द्यायचो. त्याची बायको मान हलवून हो म्हणाली. थोरला भाऊ म्हणाला, "जित्तेपणी त्यानं कोणाला नाय म्हणलं नाय. आता आम्ही कशाला नाय म्हणू?" मग त्याने विचारलं, "कोणाला दिलं ते कळंल का?" मी म्हणालो, "नाही सांगता येत, दादा. त्यांनाही तुमचं नाव सांगत नाही."

दुपारी बाराच्या आसपास यादी आली. आमच्या रुग्णालयाच्या वाट्याच्या किडनीसाठी पहिलं नाव होतं गुरुजींचं.

मी गुरुजींना फोन लावला. ते कुंडावरच होते. "धोतर बदलून येतो," म्हणाले आणि ओल्या धोतरानेच रिक्षात बसून आले. राखीव म्हणून दुसऱ्या एकाला कळवलं. मग मी टेबलाशी येऊन यादी पुन्हा वाचली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुरुजी आणि बाई एकाच रक्तगटाचे. बाई गुरुजींच्या दीड वर्ष आधीपासून डायलिसिसवर. बाईंचे गुण गुरुजींपेक्षा जास्त. पहिलं नाव बाईंचं असायला हवं होतं. ते यादीत नव्हतं, कारण ते अजून झोपलेलं होतं. आणि त्यांची चिठ्ठी सोमवारपासून माझ्या हिरव्या फायलीत होती.

इथपर्यंत ती चूक होती. इथपर्यंतची चूक मी कदाचित स्वतःला माफ केली असती.

रक्त जुळतं का याचा अहवाल यायला पाच-सहा तास लागतात. सटाण्याहून नाशिकला यायला अडीच तास. माझ्या टेबलावर फोन होता. पुण्याला फोन करून सांगायचं, की एक पेशंट सोमवारीच तंदुरुस्त झाली आहे, चिठ्ठी पाठवायची राहिली, आत्ता पाठवतो. ते चिडले असते, चौकशी केली असती, कदाचित म्हणाले असते की आता उशीर झाला. पण विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मोठ्या डॉक्टरांसमोर उभं राहून ती चिठ्ठी चार दिवस माझ्याकडे पडून होती हे सांगावं लागलं असतं. माझी फाईल उघडी पडली असती. आणि गुरुजी ओल्या धोतराने बाकावर येऊन बसले होते, आता त्यांना परत कसं पाठवायचं, असं मी स्वतःला समजावलं. ते कारण चांगलं होतं. पण ते मला नंतर सुचलं. आधी मला माझी फाईलच दिसली.

गुरुजींनी त्या दिवशी मला विचारलं होतं, "अहो, बाई माझ्या आधीच्या ना?" पेशंटांना आपापला क्रम चांगला ठाऊक असतो.

"बाई आजारी होत्या ना, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. ऑपरेशन नीट झालं.

शनिवारी मी बाईंची चिठ्ठी पाठवली. आवरणपत्रावर चिठ्ठी मिळाल्याचा दिवस शुक्रवार लिहिला. ते कोणीच तपासलं नाही. माझ्या फायली कोणी तपासत नसे.

ती शनिवारची गोष्ट झाली. आदल्या दिवशी, शुक्रवारी, बाई डायलिसिसला आल्या तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. त्यांनी वहीत गुरुजींच्या नावापुढे 'उत्तीर्ण' असं लिहिलं आणि मला दाखवलं. मग सहज विचारलं, "भाऊ, माझा क्रमांक कितवा आला होता?"

"गुणांवर असतं, बाई. या वेळी नाही आला."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही गुणानुक्रमच असतो. पेपर तपासणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो."

त्या टोमणा मारत नव्हत्या, हे सगळ्यात वाईट होतं.

पुढे सव्वा वर्ष त्या येत राहिल्या. त्या काळात त्यांच्या गटाची किडनी आमच्या वाट्याला पुन्हा आली नाही. त्यांचं नाव यादीत पहिलं होतं आणि पहिलंच राहिलं. मी त्या सव्वा वर्षात एकही कागद शनिवारपर्यंत ठेवला नाही, चिठोरा आला की चिठोरा पाठवला. मॅडम करवादायच्या, मी ऐकून घ्यायचो. थंडीत बाईंचं हृदय थकलं. शेवटच्या मंगळवारी काट्यावर उभं राहताना त्यांनी माझा हात धरला होता, वजन फक्त एक किलो वाढलं होतं. "उत्तम," मी म्हणालो. "शेरा मी देते," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यानंतर त्यांचे यजमान दर दिवाळीच्या आधी डाळिंबाची एक पेटी घेऊन माझ्या घरी येऊ लागले. मी निवृत्त झालो तरी येत राहिले. अबोल माणूस. चहा घ्यायचे, मुलीचं सांगायचे, बाईंची एखादी आठवण काढायचे आणि उठायचे. एका वर्षी म्हणाले, "ती कायम म्हणे, नंबर उना नही तर नही उना, त्यामा भाऊनी काय चूक शे." नंबर आला नाही यात माझी काय चूक, असं बाई म्हणत. मी पेटीची सुतळी सोडवत राहिलो.

मागच्या दिवाळीआधी ते आले तेव्हा त्यांच्या हातात पेटीबरोबर प्लास्टिकची एक फाईल होती. त्यात अवयवदानाच्या इच्छेचा फॉर्म. आता हे मोबाईलवरही भरता येतं, पण त्यांना कागदच पाहिजे होता.

"दोन साक्षीदार लागतात," ते म्हणाले. "जवळचं माणूस म्हणून मुलीने सही केली. दुसरी तुमची पाहिजे, भाऊसाहेब. बाईचं सगळं तुमच्याच हातून झालं."

मी पेन उघडलं. साक्षीदाराची ओळ माझ्यासमोर होती. अशा किती ओळींवर मी किती जणांना सह्या करायला लावल्या असतील. पेन टोपणात घातलं आणि त्यांना सगळं सांगितलं. सोमवार, हिरवी फाईल, गुरुवारची दुपार, फोन, आवरणपत्रावरचा शुक्रवार. सगळं सांगून व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला.

"त्या गुरुवारी ती शाळेत होती," ते म्हणाले. "आजारपणानंतरचा पहिलाच आठवडा. घरी येऊन तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, इतकं बरं वाटत होतं तिला. दुसऱ्या दिवशी इथे आलो तेव्हा कळलं गुरुजींचं. म्हणून तो वार ध्यानात आहे." मग म्हणाले, "म्हणजे नंबर आला होता."

"हो."

"पहिला?"

"पहिला. रक्त जुळलं असतं की नाही ते नाही सांगता येत. पण बोलावणं बाईंनाच आलं असतं."

"शेवटी शेवटी ती विचारायची, आपलं नाव यादीत आहे तरी का हो. मी म्हणायचो, भाऊसाहेब आहेत ना तिथे."

चुकलं, एवढं मी म्हणालो. ते त्यांना ऐकू आलं असेल, पण त्यांनी त्याचं काही केलं नाही.

"ती असताना सांगायचं होतं," ते म्हणाले. "ती रागावली असती आणि सोडून दिलं असतं. तिला सवय होती चुका तपासायची. मला नाही."

त्यांनी फॉर्म परत फायलीत घातला. दारापाशी चपला घालताना मागे न बघता म्हणाले, "मला लिहून द्या. वार घालून. गावात सगळे म्हणतात, तिच्या नशिबात नव्हतं. तिची आईसुद्धा तेच म्हणत गेली. नशिबात होतं. ते कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. लिहून झालं की घेऊन या. मग सहीचं बघू."

पेटी तशीच ठेवून ते गेले. चार दिवस मी तिला हात लावला नाही. पाचव्या दिवशी हिने पेटी उघडून डाळिंबं सोलली आणि वाटी माझ्यासमोर ठेवून निघून गेली. आमचं बोलणं तिने आतून ऐकलं होतं. मी खाल्ले दाणे. वर्णन करायला लावणारं कोणी नव्हतं.

मग मी पंचवटीत गेलो. गुरुजी आता कुंडावर कमी जातात, भाचा बघतो. पण पितृपक्षात ते स्वतः उतरतात, आणि दरवर्षी ज्याचं नावही कळलं नाही त्या दात्यासाठी एक पिंड ठेवतात. हे ते मला पहिल्या वर्षापासून सांगत आले आहेत. मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. ते दर्भाच्या काड्या सारख्या करत होते, तो हात थांबला नाही.

"मी त्या दिवशी एकदाच विचारलं तुम्हाला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. बाई बऱ्या झाल्यात हे मला ठाऊक होतं. मंगळवारी त्यांनीच सांगितलं होतं, हजेरीपटावर आले म्हणून."

त्यांनी पाणी मागवलं. तांब्याभर पाणी त्यांनी एका दमात प्यायलं आणि तांब्या खाली ठेवताना माझ्याकडे बघितलं. दोघांनाही काटा आठवला असणार.

निघताना ते म्हणाले, "तुम्ही सटाण्याला जाल तेव्हा त्यांना विचारा, मी आलो तर चालेल का. विचारूनच या. परस्पर मी येणार नाही."

तर हे लिहिलं. बाई सोमवारी तंदुरुस्त झाल्या होत्या. चिठ्ठी सोमवारीच माझ्याकडे आली होती, शुक्रवारी नव्हे. गुरुवारी दान झालं त्या दिवशी त्यांचा क्रमांक पहिला होता आणि तो माझ्या फायलीत राहिला. यात केंद्राची चूक नव्हती, डॉक्टरांची नव्हती, गुरुजींची तर नाहीच.

लिहायला इतके महिने का लागले, असं ते विचारतील. दर वेळी मी खिडकीपासून, मिसळीच्या वासापासून सुरुवात करायचो, वहीतल्या शेऱ्यांपर्यंत यायचो आणि तिथेच रमायचो. ते दिवस खरोखर चांगले होते. त्या खोलीत मी जितका हसलो तितका पुढे कुठे हसलो नाही. पण चांगले होते असं म्हणून पुढचं गाळता येत नव्हतं, आणि पुढचं आलं की पान बाजूला ठेवायचो.

आज दुपारी शेवटचं पान झालं. आज बुधवार. ही म्हणाली, "दोन-तीन दिवस थांबा, शनिवारी मुलाला सुट्टी आहे, तो गाडीने सोडेल."

मी उद्या सकाळच्या सटाणा गाडीने निघतो आहे.